वरची कडी

वरची, वरची – खालची नाही. आधी वरची कडी सरकवा, मग खालची, मग फाटक जरा उचलून आत ढकला. हां, आलात. दोन-दोन कड्या कशाला म्हणून बघताय ना – गाई शिरतात. तुमच्या नकाशात नोएडात गाई नसतील, पण आमच्या सेक्टरात आहेत, आणि त्यांना मेथीचा वास लांबून येतो. असं कडेकडेनं या, वाफ्यात पाय नको. ती खुरपं घेऊन बसलीय ती आमची मंडळी, द्वारका. तिच्याकडे लक्ष देऊ नका, कामात असली की ती कुणाशी बोलत नाही. आणि मी मारुतराव, सुभेदार मेजर, रिटायर्ड – पाटीवर आहेच म्हणा, पण तुम्ही रिसर्चवाले पाटी वाचत नाही, थेट जमिनीकडे बघता. प्रणिता ना तुम्ही? तुमच्या सरांना मीच फोन केला होता, पाठवायचंच असेल तर त्या मराठी मुलीला पाठवा म्हणून. का म्हणजे? हिंदीत भांडायचा कंटाळा आलाय मला, म्हणून.

तर मॅडम, समजावून सांगा या अडाण्याला. ही लोखंडी रिंग जमिनीत ठोकायची. तिच्यात पाणी भरायचं. आणि मग घड्याळ लावून बघत बसायचं, पाणी किती वेळात जिरतं ते. बस? एवढंच? अच्छा. आणि याला रिसर्च म्हणतात. नाही, नाही, हसत नाहीये मी – आमच्या कोरेगावला म्हशी धुवायला गेलेली पोरंही हेच करायची, वाळूत खड्डा करून, पाणी ओतून, फक्त त्यांना कुणी स्कॉलरशिप दिली नाही. ठोका. तो हातोडा असा धरू नका, मनगट जाईल – द्या इकडे, मी ठोकतो. सवय आहे. इंजिनिअर्समध्ये होतो मी, पूल बांधलेत, चर खणलेत, नाले काढलेत, आणि नाल्याला आम्ही नाला म्हणायचो. तुम्ही काय म्हणता त्याला? ग्रीन इन्फ्रास्ट्रक्चर. गवताला इन्फ्रास्ट्रक्चर. उद्या चिमण्या उडाल्या की एअर ट्रॅफिक म्हणाल.

मी आलो होतो ना तुमच्या त्या सेमिनारला, इथल्या रहिवाशांचा अध्यक्ष म्हणून बोलावणं होतं मला. मोठ्या हॉटेलात. एसी असा की अंगात स्वेटर हवा, आणि विषय काय, तर शहर का तापतं. स्टेजवर प्लास्टिकचं गवत, टेबलावर प्लास्टिकच्या बाटल्या, आणि जाताना प्रत्येकाला एकेक रोप, तेही प्लास्टिकच्या पिशवीत. कशाचं रोप ते कुणालाच माहीत नाही. देणाऱ्या पोरीला विचारलं तर म्हणाली, अंकल, ये ऑक्सिजनवाला है. चलो. आणलं, लावलं, मेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. येताना त्या पुलाचे खांब बघितलेत का? कुंड्या टांगल्यात ओळीनं, वरपासून खालपर्यंत, आणि कुंड्यांत काड्या. फोटो काढला त्या दिवशी हिरवं होतं म्हणे. आणि मार्केटपाशी फुटपाथवर ती सप्तपर्णीची झाडं – गळ्यापर्यंत टाइल्स बसवल्यात त्यांच्या, मुळाशी बोटभर माती सोडली नाही, आणि त्याच झाडाला खिळा मारून पाटी लावलीय, पेड बचाओ. ज्यानं टाइल्स बसवल्या त्यालाच पाटीचंही काम मिळालं असणार. याला तुम्ही लोक अर्बन प्लॅनिंग म्हणता. तुम्ही नाही? तुम्ही फक्त मोजता? बरं. या दिल्लीत सगळे फक्त मोजतातच, करणारा काही अजून मला भेटलेला नाही.

पाणी घातलं? बसा मग, त्या वेताच्या स्टुलावर बसा. तुमचं ते चित्र दाखवा परत, ती निळी रेघ. मी बरोबर सांगतोय का बघा – घरांच्या हद्दीबाहेर आणि रस्त्याच्या अलीकडे ही जी पट्टी आहे ती सरकारी, आणि प्रत्येकानं आपापल्या दारातली अडवून ठेवलीय. कुणी बाग केली, कुणी गाडी लावली. तुमच्या सरांनी अभ्यास केला आणि सिद्ध केलं, की ही सगळी कुंपणं काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उथळ चर खणला, त्यात गवत-बिवत वाढवलं, तर रस्त्यावरचं पावसाचं पाणी त्यात जिरेल आणि खालच्या गल्लीतल्या लोकांच्या पलंगाखाली जाणार नाही. बरोबर? आणि नोएडाच्या सरकारी ऑफिसला ते पटलं. इतकी वर्षं तुमच्यासारख्यांचे अहवाल कपाटात जाऊन पडायचे, तेच काय वाईट होतं – पण नाही, हा नेमका पटला. नोटिसा आल्या. दिवाळी झाली की मशीन येणार आणि कुंपणं उपटणार. आता ही निळी रेघ जाते कुठून? इथून. तुमच्या स्टुलाखालून, माझ्या फाटकातून, द्वारका बसलीय त्या वाफ्यातून.

आता शेजारच्या खुरानाचं बघा. पट्टीवर सिमेंट ओतलं, दोन गाड्या उभ्या केल्या, उरलेल्या जागेवर हिरवा प्लास्टिकचा गालिचा अंथरला, आणि मला म्हणतो, सुभेदार साहब, देखो, अपना भी ग्रीन है. ते अतिक्रमण. बिल्कुल अतिक्रमण. तुमचे सर गेल्या हिवाळ्यात पाहणीला आले तेव्हा मीच त्यांना घेऊन फिरलो, घर अन् घर दाखवलं – यानं पायऱ्या वाढवल्यात, त्यानं जनरेटर ठेवलाय, हा तर कुत्र्याला बंगला बांधून बसलाय सरकारी जागेत. कुंपणं काढायची का म्हणून मीटिंग झाली, तिच्यात हो म्हणणारा पहिला हात माझा होता. मला काय स्वप्न पडलं होतं, तुमच्या निळ्या रेघेला माझी बागही तसलीच दिसणार म्हणून? ही बाग आहे. हिच्यात माती आहे. तुम्हाला मातीच हवी होती ना? मग मातीवाल्याला नोटीस कशी? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. हसा, हसा. खुरानाही हसला. आपली नोटीस घेऊन माझ्या दारात आला, माझी मागून घेतली आणि शेजारी-शेजारी धरून वाचत बसला. स्वतःची पट्टी जाणार याचं दुःख नाही त्याला, माझीही जाणार याचा कोण आनंद.

द्वारका – अगं, फाटकापाशी नको. इकडं, सावलीत. हां, तिथंच खण. – काही नाही, उगाच उन्हात जाऊन बसते. काय झालं? गेलं? सगळं पाणी? आत्ता तर ओतलंत. रिंग नीट बसली नसेल, कडेनं गळालं असेल. पुन्हा घाला, मी बघतो. हं. हं. अहो, गेलं की. भसाभस पितेय जमीन. आणि तिकडं पार्कात काय झालं होतं परवा? मी गच्चीवरून बघत होतो, तुम्ही बसलायत आपल्या टोपी घालून आणि पाणी तसंच, तळ्यासारखं. कसं जिरेल? पार्क केला तेव्हा आजूबाजूच्या बांधकामांचा सगळा मलबा तिथं पुरला, विटा, प्लास्टर, फुटक्या फरश्या, आणि वर गवताची गुंडाळी उलगडली सतरंजीसारखी. वरून हिरवं. तुमच्या सॅटेलाइटला वरूनच दिसतं ना.

मग लिहा की हे. लिहा ना – अख्ख्या रस्त्यात पाणी पिणारी जमीन एकच, सुभेदाराची. या एका घरापुरतं कुंपण राहू द्यावं, कारण इथं इन्फ्रास्ट्रक्चर आधीच तयार आहे. बघा, तुमचा शब्द मी वापरतोय. ग्रीन म्हणा, हवं ते म्हणा, माझी हरकत नाही. तुमच्या सरांच्या सहीनं गेलं तर ऑफिस ऐकेल, माझे दोन अर्ज काही त्यांनी ऐकले नाहीत. त्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला. म्हणजे, त्यासाठी पण.

एवढी भुसभुशीत कशी? खणतो आम्ही. द्वारका खणते, रोज. माहेरची शेतकरी आहे ती, वाठारची, माती दिसली की हात थांबत नाही. काय? मेथी कुठाय? येईल की. पेरलीय. काल पेरली. परवाही पेरली होती. तुमचा विषय पाणी, तुम्हाला मेथी कशाला हवी? – हां, उकरते. बरोबर ओळखलंत. सकाळी पेरते, संध्याकाळी बघते उगवली का, नाही दिसली की उकरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरते. दाणा रुजायला जमिनीनं गप्प पडावं लागतं, ही पडू देत नाही. म्हणून पाणी जिरतं. घाला तुमच्या तक्त्यात, कारण – बाई उकरते. आहे का तसा रकाना? झाडाची जात आहे, मातीचा रंग आहे, हे नसेल. आणि गाई-बिई काही नाहीत, हो. या रस्त्यावर गाय बघून मलाही जमाना झाला. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार, शिकलेल्या आहात, बोलला नाहीत इतकंच.

तुम्ही-तुम्ही तरी किती करू, माझ्या नातीएवढी आहेस. ऐक. ही बाई जन्मभर माझ्याबरोबर फिरली. जबलपूर, भटिंडा, दिल्ली कँट, जिथं पोस्टिंग तिथं ट्रंका घेऊन. हिंदी अशी बोलायची की करोल बागेत लोकर घ्यायला गेली की दुकानदार विचारायचा, बहनजी, आप कौनसे मोहल्ले की हैं. रेजिमेंटमध्ये नवीन लग्न होऊन आलेल्या आपल्याकडच्या पोरी हिलाच पुढं करायच्या, दूधवाल्याशी भांडायचं तरी द्वारकाताई, डॉक्टरला दुखणं सांगायचं तरी द्वारकाताई. आणि आता हिंदी गेली. सगळी. डॉक्टर म्हणतो असंच असतं या आजारात, नंतर शिकलेलं आधी जातं. मराठी राहिली, तीही वाठारची, लग्नाआधीची. मी लग्नानंतरचा. मला विचारते, भाऊ, तुमचं गाव कोणतं? पदर सारखा करून विचारते, चांगल्या घरची आहे ती. मी सांगतो, कोरेगाव. म्हणते, मग जवळच की आम्हाला. रोज विचारते, आणि रोज जवळच निघतं.

उन्हाळ्यात गेली होती. तेव्हा एकच कडी होती फाटकाला. मी आत फोनवर होतो, कुणाशी तरी खुरानाच्या गाड्यांबद्दल तावातावानं बोलत, बाहेर आलो तर खुरपं पडलेलं आणि फाटक उघडं. मेट्रो स्टेशनवर सापडली. खिडकीपाशी उभी राहून वाठारचं तिकीट मागत होती. स्टेशनवाल्यांना वाटलं मद्रासी आहे, म्हणून कुणीतरी एका तमिळ बाईला बोलावून आणलं, ती बिचारी हिच्याशी तमिळमध्ये बोलतेय, ही तिच्याशी वाठारच्या मराठीत. एवढं हे नोएडा, एवढी ऑफिसं, एवढी माणसं, आणि मला घरी जायचंय हे एका म्हातारीचं वाक्य कळणारा एक जण नव्हता तिथं. पायात काही न घालता गेली होती ती. भर दुपारी, डांबरावरून. तू मघाशी तो लाल-पिवळा नकाशा दाखवत होतीस ना, कुठं किती तापतं त्याचा – मला नको दाखवू. मी तिचे तळवे बघितलेत.

आमचा संग्राम फोनवरून सल्ले देतो, बाबा, आत ठेवा, कुलूप लावा. आत ठेवली की दार बडवते, हाताला रक्त येईपर्यंत बडवते. इथं मातीत बसवली आणि समोर रस्ता दिसला की शांत असते, माहेरहून कुणी न्यायला येणार आहे म्हणते. बसते वाट बघत, आणि पेरत. म्हणून हे कुंपण आहे. झाडांसाठी नाही, बागेसाठी नाही, तिच्यासाठी आहे. काय म्हणालीस? घराच्या हद्दीतलं सिमेंट फोडा? आहे ना आत सिमेंट, मीच ओतलंय, खुरानासारखंच, फक्त माझ्या हद्दीत म्हणून मला ते कधी दिसलं नाही. फोडीन की. पण आत चारी बाजूंनी भिंत आहे, रस्ता नाही दिसत. एक दिवस बसवून बघितली, कुंड्या ठेवून. दार बडवण्याऐवजी भिंत बडवली.

मग आता सांग, चर माझ्यापाशी थोडा वळवला तर काय आभाळ कोसळणार आहे? – हं. नाही वळत. एका ठिकाणी अडलं की पाणी मागं फुगणार आणि खालच्या गल्लीत शिरणार, तिथंही म्हाताऱ्या आहेत खाटेवर पडलेल्या. तू नको सांगू, मला माहीत आहे. इंजिनिअर्समध्ये होतो मी, पाण्याला उतार लागतो आणि वाट लागते, सुभेदाराचं घर आहे म्हणून ते थांबत नाही. तुझं बरोबर आहे, हाच तर वैताग आहे. या शहरात आल्यापासून सगळी खोटी हिरवळ बघितली – खांबावरची, स्टेजवरची, खुरानाची – त्यांना शिव्या घालत दिवस बरे जात होते माझे. आणि कधी नव्हे ते कुणीतरी खरं काम करायला निघालं, तर ते माझ्या दारातून. तुमच्या सरांना सांग, म्हाताऱ्यानं फार अपमान केला तुमचा. सांग, तो चिडलाय. घाबरलाय म्हणून सांगू नकोस. घाबरलोय मी, बाकी काही नाही. हे फाटक गेलं की ती एका मिनिटात रस्त्यावर असेल, आणि मला आता पळवत नाही.

अगं, अगं – राहू दे. धरू दे तिला हात. माती लागेल तुझ्या ओढणीला, पण राहू दे. काय म्हणते? गाव विचारतेय तुझं. सांग ना. परभणी. ऐकलंस का द्वारका, परभणीची आहे पोरगी, तिकडं दिल्लीत मुनिरक्याला राहते, शिकते. – हसली बघ. माझ्याशी नाही हसत ती, मला नुसतं गाव विचारते. तिला वाटतंय तू शालिनी, तिची धाकटी बहीण. न्यायला आलीस म्हणतेय. हो म्हण. म्हण गं, तुझ्या रिसर्चला काय धक्का लागतोय त्यानं? म्हण, मेथी निघाली की जाऊ. – हां. असं. बस तिच्याजवळ जरा. म्हणून मराठी मुलगी मागितली होती मी, भांडायला नाही. बोलू दे तिला. मी काही ऐकत नाही, मी तुमची ती रिंग बघतो.

बस, बास झालं आता. ऊठ. रिंग मी काढलीय, पुसलीय, घाल पिशवीत. गर्दी होईल मेट्रोला. आणि लिही काय लिहायचं ते – खरं ते लिही, माझं कौतुक नको त्यात, दया तर मुळीच नको. तुमच्या सरांनाही पुन्हा फोन करणार नाही मी. पुरे झालं. जा, आणि जाताना तिच्याकडं वळून बघू नकोस, मागं येईल. द्वारका, इकडं बघ, हे दाणे घे, ही ओळ राहिली बघ पेरायची. – जा म्हटलं ना. बाहेर पडलीस की वरची कडी लाव. नुसती खालची नको. खालची तिला उघडता येते.